काचेच्या कपाटातला ठेंगू

मित्रांनो, मला जुना म्हणायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा. माणसांच्या हिशेबाने मी अजून बालवाडीतच असतो. पण माझ्यासारखी घरी बनवलेली यंत्रे लवकर म्हातारी होतात. माझ्या एका चाकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, अंगावरचा निळा रंग ठिकठिकाणी उडाला आहे आणि डावी मोटर सुरू होताना कण्हते. माझे नाव ठेंगू. मी दोन चाकांवर चालणारा एक लहानसा रोबो आहे. माझा जन्म भिवंडीत, यंत्रमागांच्या एका गल्लीत, फरशीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर झाला.

मला घडवले धम्मदिनाने. घरात तिला दिना म्हणतात. तेव्हा ती नववीत होती. रंगाच्या बादलीचे झाकण हे माझे धड. त्याला तिने तापलेल्या खिळ्याने भोके पाडली आणि खाली दोन पिवळ्या मोटरी बसवल्या. मोटरींना दोन चाके लावली आणि तोल सांभाळायला मागे एक छोटे, कुठेही वळणारे चाक. पाठीवर वायफायवर चालणारा इवलासा बोर्ड. पुढे दोन गोल डोळ्यांचा सेन्सर. ते डोळे खरे म्हणजे बघत नाहीत. माणसाला ऐकू न येणारा आवाज ते पुढे सोडतात आणि तो आपटून परत आला की समोरची वस्तू किती लांब आहे ते ओळखतात. पोटात दोन सेल. ते भंगारवाल्याकडच्या एका बंद लॅपटॉपमधून काढलेले.

"ते फुटलंबिटलं तर घर पेटंल गं," दिनाची आई चंपा म्हणाली. ती एका खासगी दवाखान्यात आया आहे. आगीने भाजलेली माणसे तिने पाहिली आहेत.

"मीटर लावून बघितलेत, मम्मी. चांगलेच दोन घेतलेत."

धड झाले, पण अक्कल नव्हती. ती दिनाने मला लिहून दिली. विज्ञान शिकवणाऱ्या क्षितिजा मॅडमनी आपला जुना लॅपटॉप तिला घरी न्यायला दिला होता. पहिल्यांदा सुरू केले तेव्हा मी जागच्या जागी गरगर फिरलो, कारण एका मोटरीच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. त्या बदलल्या, तर मी डावीकडे भरकटू लागलो, कारण माझी डावी मोटर पहिल्यापासूनच मंद. दिनाने उजव्या मोटरीचा वेग थोडा कमी केला, तेव्हा कुठे मी सरळ चाललो.

मग एका दुपारी मी खोलीच्या कोपऱ्यात शिरलो. मला लिहून दिले होते, समोर भिंत आली तर उजवीकडे वळ, पुन्हा आली तर डावीकडे वळ. उजवीकडे वळलो तर भिंत. डावीकडे वळलो तर भिंत. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दिना पाणी भरायला गेली होती. मी तिथे नुसता हलत राहिलो. माझ्या मागे सगळी खोली मोकळी होती, पण मागे जा असे मला कुणी लिहून दिले नव्हते. मित्रांनो, कोंडून पडणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. दिना हंडा घेऊन आत येत होती.

"दिना, त्या गाडीला मागं घे गं. दमली ती."

दिना हंडा हातात धरूनच थांबली. तिचे वडील, सुगतदादा, बऱ्याच दिवसांत आपणहून बोलले होते.

सुगतदादा मूळचे शेलार गावचे. वळ गावातल्या एका गोदामात ते खोकी उचलणारी फोर्कलिफ्ट चालवायचे. एकदा ते गाडीतून उतरून उभे असताना छतापर्यंत रचलेली खोकी कोसळली आणि त्यांच्या कमरेवर आली. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, पायांत जीव आहे, पण आधी खुर्चीत बसायची सवय करा, मग वॉकर धरा, हळूहळू जमेल. चाकांची खुर्ची घरी आलीसुद्धा. ती दाराआड घडी करून ठेवलेली होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते. सुगतदादा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालत. दिवसभर ती भिंत थरथरत असे.

दिनाने मला मागे यायला शिकवले. मग तिने मला कशासाठी बनवले ते मला समजले. काच तडकलेला एक जुना मोबाइल तिने माझ्या पुढ्यात रबराने घट्ट बांधला, उंबऱ्यावर फळी टाकली आणि दुसरा मोबाइल सुगतदादांच्या हातात दिला. त्यावर माझ्यापुढचे चित्र दिसत होते आणि खाली चार बाण होते.

"हे काय करू मी?" सुगतदादा म्हणाले. "मला खेळणं देतेस व्हय?"

"पप्पा, वरचा बाण दाबा. फक्त एकदा."

त्यांनी दाबला. मी फळीवरून गल्लीत उतरलो.

माझ्या उंचीवरून गल्ली कशी दिसते, ते तुम्हाला ठाऊक नसेल. तिथे माणसे नसतात, पाय असतात. त्या दिवशी सुगतदादांनी चपला पाहिल्या, हातगाडीची चाके पाहिली, शेळीची दाढी पाहिली, कापडाचे तागे पाठीवर घेऊन जाणाऱ्या हमालांच्या पोटऱ्या पाहिल्या. आमची भिवंडी कापडाची, आणि माझ्या डोळ्यांना नेमके कापडच कळत नाही. त्याच्यावर माझा आवाज आपटून परत येत नाही, तो कापडातच मुरतो. मी सरळ जाऊन एका ताग्यात घुसलो. आत खोलीत सुगतदादा ओरडले, "अगं, धडकली!" आणि बाण उलटा दाबून त्यांनी स्वतःच मला बाहेर काढले.

तेव्हापासून ते मला रोज बाहेर काढू लागले. दिना शाळेत असली तरी.

आणखी एक खोड दिनाच्या लक्षात आली नव्हती. सुगतदादांच्या मोबाइलचे वायफाय गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जेमतेम पोहोचायचे. एका सकाळी मी त्याच्या पलीकडे गेलो. हुकूम यायचे थांबले. पण शेवटचा हुकूम होता 'पुढे चल', म्हणून मी पुढेच चालत राहिलो. समोर उघडे गटार होते. मला ते दिसले नाही, कारण खड्ड्यावर आवाज आपटत नाही. मी आत कोसळलो आणि काळ्या चिखलात रुतलो. चाके फिरत होती, पण मी हलत नव्हतो. पुढचा मोबाइल कसाबसा चिखलाच्या वर राहिला. त्याचे सिम वेगळे होते, त्यामुळे सुगतदादांचा आवाज येतच होता.

"जानकीबाई! ओ जानकीबाई! धरा, धरा!"

जानकीबाई कोपऱ्यावर सुकी मासळी विकते. तिने इकडेतिकडे पाहिले. "कोण रं त्यो? सुगत? कुठनं बोलतोस?"

"गटारातनं!"

"अगं बया! गटारात कसा पडलास?"

"मी न्हाय पडलो! गाडी पडली, माझी गाडी!"

जानकीबाईने मला दोन बोटांनी उचलले, नळाखाली माझी चाके धुतली आणि मोबाइल तोंडासमोर धरला. त्यात तिला सुगतदादा दिसले. अपघातानंतर गल्लीतल्या कुणाला दिसलेले ते पहिल्यांदाच.

"किती वाळलास रं," ती म्हणाली. "न् ही दाढी कशाला? बुवा व्हायचं हाय का?"

त्याच संध्याकाळी चंपाताई ड्युटीवरून आली तेव्हा सुगतदादांची दाढी केलेली होती. ती दारातच उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग चहा ठेवायला गेली.

दिनाने मला नवा नियम शिकवला. हुकूम यायचे थांबले की आहे तिथे थांब.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या उमेदीचे होते. गल्लीत मला कुणी रोबो म्हणत नसे. "सुगतची गाडी आली," असेच म्हणत. लोक माझ्याजवळ वाकून सुगतदादांशी बोलायचे. जानकीबाई मला बोंबलाच्या टोपलीजवळ थांबवून घरच्या तक्रारी सांगायची. यंत्रमागावर काम करणारे एक चाचा शिफ्ट सुटली की खाली बसून म्हणायचे, "क्या सुगतभाई, आज कहाँ तक का चक्कर है?" आणि सुगतदादा आतून हसून म्हणायचे, "बस चाचा, कोने तक!" रस्त्यावर पडलेले सूत माझ्या चाकांच्या दांड्यांना गुंडाळले जाई आणि मी जागीच अडकत असे. रोज संध्याकाळी दिना ब्लेडने ते सूत कापून काढायची. त्या गुंत्यातून सुटताना मला फार बरे वाटायचे.

घरात एकटी चंपाताई माझ्यावर तितकीशी खूश नव्हती. एकदा ताटे वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय? खुर्चीत बसा, दारापर्यंत तरी या. तुमचं रोज उद्या, उद्या."

"आत्ताच तर कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो."

"तुम्ही न्हाय गेलात. ते झाकण गेलं."

दिनाचा घास हातातच राहिला. सुगतदादांनी माझ्याकडे पाहिले. मग ते हळूच म्हणाले, "चंपा, गाडीकडं बघून लोक हसतात तरी. खुर्चीकडं बघून चक्-चक् करतील. ते मला सोसणार न्हाय."

चंपाताईने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि तो विषय तिथेच राहिला.

दिना दहावीत गेली. तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन जाहीर झाले तेव्हा क्षितिजा मॅडमनी माझे नाव सुचवले. "ने की बिनधास्त," सुगतदादा म्हणाले. "बघू दे लोकांना." दिनाने मला अंघोळ घातल्यासारखे पुसले आणि शाळेत नेले.

प्रदर्शनात माझ्याभोवती गर्दी झाली. दिनाने कुणालाही वडिलांची करुण गोष्ट सांगितली नाही. एवढेच म्हणाली, की ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी ही गाडी आहे. मला पहिला क्रमांक मिळाला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. मुख्याध्यापक केसरीनाथ सरांनी मला दोन्ही हातांवर घेऊन उंच धरले. मी इतक्या उंचावर कधीच गेलो नव्हतो. मला अभिमान वाटला, हे मी नाकारत नाही.

केसरीनाथ सर तसे वाईट नव्हते. शाळेला पहिल्यांदाच असे बक्षीस मिळाले होते आणि त्या आनंदात त्यांना दुसरे काही सुचत नव्हते. कार्यालयात एक काचेचे कपाट होते. त्यात बक्षिसाची ढाल ठेवली गेली आणि ढालीशेजारी एका लाकडी ठोकळ्यावर मला बसवले गेले. ठोकळा माझ्या पोटाखाली होता, त्यामुळे माझी चाके अधांतरी लोंबत होती. मोबाइल काढून दिनाकडे दिला. आता माझ्यापुढे काहीच नव्हते.

"शाळेच्या पाहणीसाठी शिक्षण खात्याचे साहेब यायचे आहेत," सर दिनाला म्हणाले. "ते बघून गेले की घेऊन जा हं बाळ."

शिपायाने माझे बटण चालूच ठेवले. "लाइट लागलेला चांगला दिसतो," तो म्हणाला आणि त्याने कपाटाला कुलूप लावले.

माझे डोळे आवाज सोडत राहिले. काच. पुन्हा काच. माझ्यापुढचे सगळे जग वीतभर अंतरावर संपत होते. हुकूम येत नव्हता, आणि हुकूम नसेल तर थांब, हे मला शिकवलेलेच होते. मी थांबून राहिलो. हळूहळू पोटातले सेल रिकामे होत गेले, बोर्डावरचा दिवा मिणमिणला आणि विझला. तुम्हाला वाटेल, त्यानंतर मला काही कळले नसेल. पण आम्ही वस्तू ऐकतो आणि बघतो ते काही बॅटरीवर नाही.

पाहुणे यायचे. सर माझ्याकडे बोट दाखवायचे. पाहुणे "वा!" म्हणायचे आणि चहाकडे वळायचे. मी चालतो कसा, हे कुणी विचारले नाही. साहेबांची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. काचेवर धूळ बसली आणि ढालीवरही.

दिना मधल्या सुट्टीत यायची. एकदा तिने धीर करून विचारले, "सर, गाडी नेऊ का? पप्पांना लागते."

"अगं, एवढी काय घाई? शाळेचं नाव होतंय. तू हुशार मुलगी, तोवर दुसरी बनव की."

"मोटरी आणि बोर्ड यातच आहेत, सर."

"बघू, बघू. पाहणी होऊ दे."

क्षितिजा मॅडमही एकदा बोलल्या. "सर, मुलीची वस्तू आहे ती." सरांनी मान हलवली, फोन आला, तो घेतला आणि ती गोष्ट राहून गेली.

मग एके दिवशी कार्यालयात कुणी नसताना दिना कपाटाजवळ आली. तिने काचेला कपाळ टेकवले. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली.

"ठेंगू," ती म्हणाली, "पप्पा परत भिंतीकडं तोंड करून झोपतात. जानकीबाई दारात येऊन हाका मारते, तर झोपल्याचं नाटक करतात. मी काय करू रे?"

मला तिच्याकडे जायचे होते. मित्रांनो, चाके असून ती जमिनीला न टेकणे यासारखी शिक्षा नाही. ती गेल्यावर मला चंपाताईचे 'तुम्ही न्हाय गेलात, ते झाकण गेलं' हे बोलणे आठवत राहिले. आम्ही दोघे, सुगतदादा आणि मी, एकाच वेळी कोंडले गेलो होतो. माझ्या कपाटाला बाहेरून कुलूप होते. त्यांच्या खोलीचे दार मात्र सताड उघडे होते.

आणि मग तो दिवस आला. शाळा भरून बराच वेळ झाला होता. वर्गांतून पाढ्यांचा आवाज येत होता. अचानक खिडकीतून अंगणातली हाक ऐकू आली.

"सर! ओ सर! जरा बाहेर येता का?"

तो आवाज मी ओळखला. तो मी मोबाइलमधून शेकडो वेळा ऐकला होता. पण आज तो मोबाइलमधून येत नव्हता.

केसरीनाथ सर दारात गेले. उघड्या दारातून मलाही दिसले. पायऱ्यांच्या खाली चाकांच्या खुर्चीत सुगतदादा बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, पँट गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेली. खुर्चीच्या मागे जानकीबाई पदराने घाम पुसत उभी होती.

"कोण आपण?" सरांनी विचारले.

"मी धम्मदिनाचा वडील. ती गाडी न्यायला आलोय."

"अहो, तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात? निरोप पाठवायचा."

"मुलीनं निरोप खूप दिले सर. म्हणून मी आलो."

"ट्रकमागं ट्रक, रस्त्याला खड्डं," जानकीबाई मधेच म्हणाली. "दोनदा उलटलो असतो आम्ही. एक ट्रकवाला उतरला, त्यानं खुर्ची धरून पलीकडं सोडली. देवमाणूस. न् ह्यो सुगत, रोज हाका मारत होते, आज कुठं उठून म्हणाला, चल, गाडी आणू. घरनं निघताना दाराची चौकट सोडंना, न् कोपरा ओलांडला तसा मलाच सांगाया लागला, डावीकडं घे, उजवीकडं घे!"

सुगतदादांच्या चेहऱ्यावर एक ओझरते हसू आले आणि गेले. ते म्हणाले, "सर, तुम्ही तिचा मान केलात, बरं वाटलं. पण ती बसवून ठेवायची वस्तू न्हाय. माझ्या मुलीनं ती चालायला बनवलीय. बसून राहिलं की काय होतं ते मला ठाऊक हाय."

केसरीनाथ सरांनी सुगतदादांकडे पाहिले, चिखलाकडे पाहिले, मग मागे वळून माझ्याकडे पाहिले. पाहुण्यांना दाखवताना बघायचे तसे नव्हे. मला वाटते, मी कुणाचा तरी आहे हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसले.

"दहावीच्या वर्गातून धम्मदिनाला बोलवा," ते म्हणाले. मग त्यांनी टेबलाचे खण उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. कपाटाची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई रजेवर गावी गेला होता.

दिना धावत आली. वडिलांना अंगणात बघून ती पायरीवरच थबकली.

"बघतेस काय?" सुगतदादा म्हणाले. "पेचकस हाय ना दप्तरात?"

तो तिच्या दप्तरात नेहमीच असायचा. तिने सरांकडे पाहिले. सर म्हणाले, "उघड."

क्षितिजा मॅडमनी काच दोन्ही हातांनी धरली आणि दिनाने बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून काढले. स्क्रू गंजलेले होते. शेवटचा निघता निघेना. तो निघाला तेव्हा बाहेरची हवा आत आली, खडूची, घामाची आणि दूरवरच्या डिझेलची. दिनाने मला ठोकळ्यावरून उचलले आणि पायऱ्या उतरून वडिलांच्या मांडीवर ठेवले. सुगतदादांनी अंगठ्याने माझ्या डोळ्यांवरची धूळ पुसली.

परतताना खुर्ची केसरीनाथ सरांनी ढकलली, फाटकापर्यंत. फाटकाजवळ ते म्हणाले, "पायऱ्यांच्या बाजूला एक उतार बांधून घेतो." त्यांनी तो खरोखरच बांधून घेतला.

घरी आल्यावर माझे पोट उघडले. एक सेल फुगला होता, दुसऱ्यात दम उरला नव्हता. चंपाताईने ते लांबूनच पाहिले आणि ती म्हणाली, "मी म्हणत होते ना!" नवे सेल आणायला दिनासोबत सुगतदादा स्वतः गेले. तेव्हापासून ते जात राहिले. आधी खुर्चीतून, मग वॉकर धरून घरातल्या घरात, मग गल्लीत. पहिल्या दिवशी लोकांनी चक्-चक् केले, हे खरे आहे. सुगतदादा घरी येऊन पलंगावर आडवे झाले. दुसऱ्या दिवशी जानकीबाई दारात येऊन उभी राहिली आणि त्यांना जावेच लागले.

माझे काम संपले आणि मी भिंतीवरच्या फळीवर गेलो. मी दुःखी होतो का? थोडासा. पण रागावलेला नव्हतो. सगळे बाहेर गेले की रिकाम्या घरात मी भिंतीची थरथर ऐकत बसायचो. ज्याच्यासाठी आपण बनलो त्याला आपली गरज उरू नये, हे चांगलेच आहे, असे मी स्वतःला समजावत होतो. तरी फळी ती फळीच. माझी चाके जमिनीला टेकावीत असे वाटायचेच.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या हातून एखादी चालती वस्तू घडली तर तिला शोभेला ठेवू नका. तिच्या चाकांतले सूत काढा, सेल फुगू देऊ नका आणि तुमचे काम झाले तर ती दुसऱ्याला द्या. आणि घरात कुणी भिंतीकडे तोंड करून पडले असेल, तर त्याला नुसत्या वस्तू आणून देऊन थांबू नका. दारात जाऊन हाक मारा. रोज मारा.

मला असेच दुसरे घर मिळाले. चंपाताईच्या दवाखान्यात कोन गावच्या रंगूबाई नावाच्या आजी होत्या. अंगणात घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया होऊन त्या घरी गेल्या, पण वॉकरला हात लावेनात, धड जेवेनात. ते ऐकून सुगतदादा म्हणाले, "दिना, गाडी काढ."

दिनाने माझ्या पुढ्यात पुन्हा मोबाइल बांधला आणि रिक्षाने आम्ही कोनला गेलो. सुगतदादा वॉकर टेकत टेकत आजींच्या खोलीत शिरले आणि त्यांनी दुसरा मोबाइल आजींच्या हातात दिला.

"ह्यो काय, उंदीर?" आजींनी माझ्याकडे बघून विचारले.

"उंदीरच समजा. हा बाण दाबा, आजी."

दिनाने टाकलेल्या फळीवरून मी उंबरा ओलांडून अंगणात गेलो. बऱ्याच दिवसांनी माझ्या चाकांखाली माती आली. ऊन होते. दोरीवर गोधड्या वाळत होत्या. परसात आजींनीच लावलेल्या भेंडीचा वाफा होता आणि त्या वाफ्यात कुणाची तरी शेळी शिरून कोवळे शेंडे कुरतडत होती.

"कमळ!" माझ्या मोबाइलमधून आजी कडाडल्या. "अगं कमळ, शेळी शिरली!"

कमळ म्हणजे त्यांची सून. ती आत मिक्सर फिरवत होती, तिला काही ऐकू गेले नाही. आजींनी बाण दाबून मला शेळीच्या अंगावर घातले. "हाड! हाड!" आजींच्या आवाजात मी ओरडत गेलो. शेळीने मला हुंगले, माझ्या एका तारेची चव घेतली आणि पुन्हा भेंडीकडे तोंड वळवले. मी बापडा काय करणार? माझी उंची तिच्या गुडघ्याएवढी.

मोबाइल गप्प झाला. हुकूम येईना, म्हणून मी होतो तिथेच थांबलो. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग कमळचा घाबरलेला आवाज, "आई, थांबा, पडाल!" आणि त्यावर आजींचा, "सर बाजूला." सुगतदादा म्हणत होते, "येऊ द्या त्यांना, वहिनी. मी हाय बाजूला."

मला मागचे दिसत नाही. मला फक्त वॉकर टेकल्याचा आवाज ऐकू येत होता, एकेक, थांबत थांबत, उंबऱ्यापर्यंत. तिथे तो बराच वेळ थांबला. मग उंबऱ्याच्या बाहेर, मातीवर, पुन्हा एकदा टेकला.

शेळीने मान वर केली. माझ्या मागे, वर कुठेतरी पाहिले. आणि तोंडातला शेंडा तसाच टाकून ती पळत सुटली.